कीबोर्डवाला गेला, सिंथ बेस आता बेस गिटारवरच काढायचाय (पेडल, पॅच, ट्रॅकिंग)

खर्जवाला

मंडळी, आमचा जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. दादर, पार्ले, ठाणे, कधीमधी वाशी. ऐंशीच्या दशकातली डिस्को गाणी आली की सिंथचा बेस आमचा कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवायचा आणि मी तेवढा वेळ टाळ्या वाजवत उभा. आता तो क्रूझवर लागलाय. नवीन मुलाचा उजवा हात झकास, पण डावा अजून बसलेला नाही. त्यामुळे आमच्या अरेंजरकाकांनी फर्मान काढलंय : "तुझ्या पायाखाली एवढे डबे आहेत, त्यातूनच काढ."

डबे म्हणजे काय, झूम कंपनीचं एमएस-६०बी (एकात अनेक इफेक्ट असलेलं पेडल) आणि एक ट्यूनर. बेस चार तारांचा, पॅसिव्ह, दोन पिकअपचा. झूममधला सिंथ लावला की वरच्या स्वरांना ठीक वाटतं, खालच्या ई वर मात्र आवाज गटांगळ्या खातो. स्वर जरा उशिरा उमटतो, मध्येच एक सप्तक वर उडी मारतो, आणि कीबोर्डसारखा ठाम बसत नाही. पुढच्या महिन्यात शिवाजी मंदिरला प्रयोग आहे. नवीन पेडल घ्यावं का? घ्यायचं तर कुठलं? आणि तयार पॅच (पेडलमध्ये साठवलेली आवाजाची जुळणी) वापरावेत की स्वतः बांधावेत?

चहाटळ

कीबोर्डवाल्याला व्हिडिओ कॉलवर घ्या. उशीर तर तसाही होतोच आहे. (हलकेच घ्या.)

मूगडाळ

खर्जवाला, आधी खिशात हात घालू नका. कितीही महाग पेडल आणलंत तरी खालची ई अशीच रडवणार, कारण दुखणं तारेत आहे.

मोकळी ई म्हणजे ४१.२ हर्ट्झ. तिचं एक आवर्तन पुरं व्हायला साधारण २४ मिलिसेकंद लागतात. स्वर कुठला ते ओळखून त्यावर स्वतःचा सिंथ वाजवणारं पेडल असेल, तर त्याला निदान एखाद-दोन आवर्तनं ऐकावीच लागतात. दोन धरली तर ४८ मिलिसेकंद. १२० च्या टेम्पोत सोळाव्या भागाची नोट १२५ मिलिसेकंदांची असते, म्हणजे तिचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ नुसत्या ओळखपरेडीत गेला! प्रोसेसर कितीही तगडा असो, जे आवर्तन अजून झालेलंच नाही ते तो मोजणार कसा?

उपाय फुकट आहे. तीच ओळ एक सप्तक वर वाजवा आणि पेडलला एक सप्तक खाली उतरवायला सांगा. डी तारेवरचा दुसरा फ्रेट म्हणजे ८२.४ हर्ट्झची ई, आवर्तन १२ मिलिसेकंदांचं. उशीर निम्मा झाला.

स्वर वर उडी मारतो त्याचं कारण वेगळं. जाड तारेत मूळ स्वरापेक्षा त्याचा दुप्पट कंपनांचा उपस्वर पुष्कळदा जास्त जोरात असतो, ब्रिजच्या पिकअपवर तर हमखास. यंत्राला मग दोघांतला खरा कोण ते कळत नाही. नेकचा पिकअप पूर्ण, ब्रिजचा बंद, टोनचं बटण खाली, आणि तार नेकच्या बाजूला बोटाच्या मांसल भागाने छेडा. नखाचा खडखडाट जितका कमी, तितकं ट्रॅकिंग (पेडलचं स्वर ओळखणं) सुधारतं. बाकीच्या तारा दाबून ठेवा. शेजारची ए जरा जरी गुणगुणली तरी एकस्वरी सिंथ वेडापिसा होतो.

राहिला ठामपणा. कीबोर्डची कळ सोडली की स्वर तिथल्या तिथे मरतो. बेसवर आपण तो रेंगाळू देतो, सवयच असते. सिंथ बेसमध्ये स्वर कधी *थांबतो* यावर अर्धा ठेका उभा असतो, म्हणून डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता नुसतं सैल करून स्वर तोडायला शिका. पेडल न लावता, नुसत्या मेट्रोनोमवर. हे जमल्याशिवाय कुठलाही पॅच कीबोर्डसारखा वाजणार नाही.

खर्जवाला

मूगडाळ, धन्यवाद. टोन खाली करून आत्ताच पाहिलं, उडी बरीच थांबली. पण एक शंका. झूममध्ये 'सिंथ' नावाचे दोन-चार इफेक्ट आहेत, शिवाय ऑक्टेव्ह (सप्तक उतरवणारा), फझ (आवाज फाडणारा), ऑटो-वा (छेडण्याच्या जोरावर उघडणारा फिल्टर) वेगवेगळे आहेत. सिंथ लावायचा की हे जोडून करायचं?

गिरगावचा_बेंजो

जोडून. डोळे मिटून जोडून.

आमच्या बेंजो पार्टीत पूर्वी बेस कीबोर्डवरच असायचा. एका वर्षी मी बेस गिटार घेऊन ट्रकवर चढलो, सोबत एक जुनं बॉसचं ओसी-२. हे १९८२ साली आलेलं पेडल, २००३ पर्यंत बनत होतं. त्यावर तीन मुख्य बटणं : मूळ आवाज, एक सप्तक खाली, दोन सप्तक खाली. मूळ आवाज शून्यावर, एक सप्तक खालचं पूर्ण, दोनचं शून्य. बस. गिटारचा 'टण्' गायब होतो आणि उरतो तो चौकोनी, बुजका, गोल आवाज. वर मूगडाळ म्हणाले तसं एक सप्तक वर, पाचव्या ते बाराव्या फ्रेटच्या दरम्यान वाजवायचं. हल्दीत लोकांनी वळून पाहिलं, की कीबोर्डवाला दिसत नाही मग हे वाजवतंय कोण?

आता नवं ओसी-५ मिळतं, त्यात जुन्या पद्धतीचा एकस्वरी मोड आहे आणि अनेकस्वरी पण. सिंथसाठी जुनाच मोड घ्या. अनेकस्वरीवाला जास्त शहाणा आहे, तो गिटारच ऐकवतो.

त्यापुढे फझ, त्यापुढे फिल्टर (वरचे उपस्वर कापणारा, म्हणजे तुमचा ऑटो-वा). म्हणजे ऑक्टेव्ह → फझ → फिल्टर. एमएस-६०बी मध्ये एका वेळी चार इफेक्ट लागतात, त्यामुळे हे तिन्ही बसून एक जागा उरते. तिथे सर्वात आधी कॉम्प्रेसर टाका, स्वर एकसारखा राहतो, ऑक्टेव्ह दचकत नाही.

रेवती_बी

बेंजो, ऑक्टेव्ह-फझ-फिल्टरला +१, कॉम्प्रेसरला -१.

फिल्टर उघडतो-मिटतो ते तुम्ही तार किती जोरात छेडलीत त्यावर. आधीच कॉम्प्रेसरने सगळे स्वर एका उंचीचे करून टाकले तर फिल्टर बिचारा कशाच्या आधारे उघडणार? 'वाँव' निघायचा तिथे सरसकट 'वँ वँ वँ' निघतं. कॉम्प्रेसर शेवटी ठेवा. फिल्टरचा रेझोनन्स (जिथून कापतो त्या जागेजवळचे उपस्वर उठवणं) वाढवला की मधूनच एखादा स्वर कुकरच्या शिट्टीसारखा कानात घुसतो, त्याला शेवटचा कॉम्प्रेसर लगाम घालतो.

तुमच्या साखळीत अजून एक गोम आहे. फझ स्वतःच आवाज सपाट करतो. त्यामुळे फझच्या मागे बसलेल्या फिल्टरला जोर-हळू कळत नाही. मोठ्या फझवर फिल्टर एकदा उघडला की उघडाच राहतो, हे पुष्कळांनी अनुभवलं असेल. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या क्यू-ट्रॉन प्लसमध्ये यावर छान तोड आहे. त्यात इफेक्ट्स लूप आहे : पेडल तुमचा साफ आवाज ऐकून जोर मोजतं, फझ लूपमध्ये बसतो, आणि फिल्टर त्या फझवर चालतो. झूममध्ये हे होणार नाही. तिथे फझचा गेन थोडकाच ठेवा. ओसी-२ छाप चौकोनी आवाजात मुळातच खूप उपस्वर असतात, फिल्टरला चावायला तेवढं पुरतं.

गिरगावचा_बेंजो

ताई, ट्रकवर तुमचा 'वाँव' ऐकू येत नाही. तिथे ताशा, ऑक्टोपॅड आणि जनरेटर असतो. आम्हाला एका उंचीचाच आवाज हवा. नाट्यगृहासाठी तुमचं मान्य.

डिजिटल_दामू

एवढं द्राविडी प्राणायाम कशाला? सोर्स ऑडिओचं सी-४ किंवा पांडा ऑडिओचं फ्यूचर इम्पॅक्ट घ्या आणि मोकळे व्हा. फ्यूचर इम्पॅक्ट हा अकाईच्या जुन्या डीप इम्पॅक्टचा वारसदार आहे. दोन्हींना संगणकावरचा एडिटर आहे, जगभरचे लोक पॅच बांधून वाटतात, तुम्ही उतरवून घ्यायचे. बॉसचं एसवाय-१ पण आहे. ते अनेकस्वरी, वेगळा पिकअप लागत नाही, गिटार-बेसचा स्विच आहे, अकरा प्रकार आणि प्रत्येकात अकरा छटा. एडिटर नाही, पण चार बटणांत काम होतं.

मूगडाळ

दामूशेठ, पेडलं तिन्ही उत्तम. पण दुसऱ्याचा पॅच हा दुसऱ्याच्या बेसवर, दुसऱ्याच्या बोटांवर बेतलेला असतो. त्याच्याकडे ॲक्टिव्ह पिकअप असतील तर त्याचा सिग्नल तुमच्यापेक्षा तगडा, मग त्याच्याकडे मस्त उघडणारा फिल्टर तुमच्याकडे डोळे किलकिले करतो. लोक उतरवून घेतात, दोन मिनिटं वाजवतात, 'बकवास' म्हणून पुसतात. खरं तर बऱ्याचदा फक्त इनपुट आणि सेन्सिटिव्हिटी आपल्या बेसला जुळवून घ्यायची असते.

खर्जवाला

रेवतीताई, पॅच शून्यापासून कसा बांधता ते जरा विस्ताराने लिहाल का? कटऑफ, रेझोनन्स, डिके... बटणं फिरवतो, काहीतरी होतं, काय झालं ते कळत नाही.

रेवती_बी

लिहिते. पेडल कुठलंही असो, क्रम हाच.

पहिल्यांदा फिल्टर पूर्ण उघडा ठेवून नुसता कच्चा स्वर तयार करायचा. ऑसिलेटर (पेडलमधला स्वर तयार करणारा भाग) निवडता येत असतील तर दोन करवती (सॉ) लहरी घ्या, एक बरोब्बर सुरात, दुसरी सहा-आठ सेंट वर. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तेवढ्या फरकाने आवाज जिवंत, हलता वाटतो. वीसच्या पुढे गेलात की तंबोरा उतरल्यासारखं वाटायला लागतं, आणि खालच्या स्वरांवर तर चिखल. तिसरा आवाज खालच्या सप्तकातला साधा गोल स्वर, हळू. जमत असेल तर हा तिसरा फिल्टरमधून नेऊच नका. कारण मूग पद्धतीच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढवला की खालचा भरणा कमी होतो. फिल्टर कितीही नाचला तरी पाया हलता कामा नये.

मग लो-पास फिल्टर (खालचे स्वर जाऊ देणारा, वरचे कापणारा), २४ डेसिबलचा पर्याय असेल तर तो. एक लांब स्वर धरून कटऑफ (जिथून वरचं कापलं जातं ती जागा) हळूहळू खाली आणा. शब्दातली व्यंजनं गळून फक्त 'ऊ' उरतो अशी एक जागा येते, माझ्याकडे ती दोनशे हर्ट्झच्या आसपास आहे. तिथे थांबा. आता एन्व्हलपची डेप्थ वाढवा, म्हणजे छेडताक्षणी फिल्टर किती वर उडी घेणार ते. हजार-बाराशे हर्ट्झपर्यंत गेला तरी डिस्कोला पुरे. डिके म्हणजे उडी घेतल्यावर खाली यायला लागणारा वेळ. अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास सुरू करा आणि *गाण्याच्या टेम्पोत* वाजवून ठरवा. पुढची नोट यायच्या आत फिल्टर मिटला पाहिजे, नाहीतर ठेका लोळतो.

सेन्सिटिव्हिटी सर्वात वेळखाऊ. गाण्यातली सर्वात हळू ओळ वाजवा, फिल्टर जेमतेम किलकिला व्हायला हवा. सर्वात जोरातली ओळ वाजवा, पूर्ण उघडायला हवा. यात बोटांची ताकद, तारांचं वय, पिकअपची उंची सगळं येतं. तारा बदलल्या की परत जुळवावं लागतं. रेझोनन्स अगदी शेवटी, आणि वाटतो त्याहून थोडा कमी.

तीन पॅच बनवा, जास्त नकोत. एक नुसता चौकोनी ऑक्टेव्ह, एक वर लिहिलेला, एक जास्त रेझोनन्सचा चिरका. रंगमंचावर अंधारात पायाने शोधायचे असतात.

मंद्रसप्तक

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

अवांतर : हे सगळं वाचताना गंमत वाटते, कारण रोलँडने टीबी-३०३ हा छोटा बेस सिंथ बाजारात आणला ते बेस गिटारवादकाच्या जागी वाजवायला. बेस गिटारसारखं ते काही वाजलं नाही, १९८४ ला बंदही झालं. पुढे त्याच चिरक्या आवाजावर शिकागोत ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत उभं राहिलं. आणि आता बेसवाले त्याची नक्कल करायला पेडलं जोडतायत.

त्याच्याही आधी आपल्या मुंबईत चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये याच ३०३ वर, सोबत टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन, दहा राग डिस्को ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. हे सिनेसंगीतातले वादक, बेस गिटारही वाजवायचे. तबकडी तेव्हा कुणी विचारली नाही, २०१० मध्ये परदेशी कंपनीने परत काढल्यावर जगभर बोलबाला झाला. खर्जवाला, ऐकाच. स्वरावरून स्वरावर घसरत जाणारी ती सिंथची ओळ बेसवर काढायला घ्या, महिनाभराचा रियाझ आहे.

रेवती_बी

मंद्रसप्तक, मस्त अवांतर. ३०३ मध्ये एखाद्या स्वराला ॲक्सेंट दिला की तो जोरात तर होतोच, शिवाय त्याचा फिल्टरही जास्त उघडतो. बेसवर हे आपसूक मिळतं, जोरात छेडा की झालं. स्लाइडचं मात्र तसं नाही. फ्रेटवरून बोट घसरवलं की मधले सगळे फ्रेट पायऱ्यांसारखे ऐकू येतात. पेडलमध्ये ग्लाइड (स्वर सलग सरकवणं) असेल तर तो लावा आणि दोन स्वर हॅमर-ऑनने (पुन्हा न छेडता, दुसरं बोट तारेवर आपटून) जोडा. फ्रेटलेसवाल्यांची इथे चैन.

साउंडकाका

मी हॉलमध्ये कन्सोलच्या मागे बसणारा माणूस. तुमची सगळी पेडलं शेवटी माझ्याकडे एका वायरीतून येतात, म्हणून दोन गोष्टी.

एक, घरी हेडफोनवर हळू आवाजात बांधलेला पॅच हॉलमध्ये घुमतो. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून तुम्ही घरी ते वाढवून ठेवता. मग हॉलमध्ये पहिल्या स्वराला पहिल्या रांगेतल्या आजी छातीवर हात ठेवतात. खोलीत शेजाऱ्यांमुळे मोठ्याने वाजवता येत नाही हे मान्य, पण निदान एकदा जॅम पॅडवर (सरावाच्या खोलीत) ड्रमरसोबत पूर्ण आवाजात पॅच तपासा. तिन्ही पॅचची आणि साध्या बेसची पातळी तिथेच सारखी करा. पॅच बदलल्यावर आवाज दुप्पट झाला की मी फेडर खाली घेतो, आणि पुढच्या गाण्यात तुम्ही गायब असता.

दोन, बऱ्याच कन्सोलवर प्रत्येक चॅनलला लो-कटचं बटण असतं, ८० किंवा १०० हर्ट्झचं. माइकसाठी आम्ही ते सवयीने दाबतो. तुमच्या चॅनलवर दाबलेलं राहिलं तर तुमचा सगळा खालचा भरणा तिथेच कापला जातो. साउंडचेकला येऊन विचारा, राग येत नाही. उलट बाजू पण ऐका. मोकळ्या ई चं अजून एक सप्तक खाली केलंत तर ते २०.६ हर्ट्झ. हॉलमधला कुठला स्पीकर ते वाजवणार आहे? ॲम्प्लिफायर तापतो, ऐकू काही येत नाही. खाली उतरवायचं ते वर वाजवलेलं.

डिजिटल_दामू

काकांच्या पहिल्या मुद्द्याला जोरदार +१. आणि डीआय बॉक्समधून (सिग्नल कन्सोलपर्यंतच्या लांब वायरीला जुळवणारा डबा) द्या, लांब वायर पेडलमधून थेट ओढू नका.

खर्जवाला

काल अंधेरीच्या पॅडवर तीन तास घालवले. रिपोर्ट देतो.

साखळी : ऑक्टेव्ह (मूळ आवाज शून्य), अगदी थोडा फझ, ऑटो-वा, शेवटी कॉम्प्रेसर. नेक पिकअप, टोन अर्ध्याच्या खाली. सगळं एक सप्तक वर. आठव्या भागाच्या सरळ ओळी आता चपखल बसतात, ड्रमर म्हणाला कीबोर्डपेक्षा बरं, कारण किकच्या बरोबर स्वर तुटतो. तोडण्यासाठी मूगडाळांचं सैल बोट कामी आलं. दोन गाण्यांत मात्र सोळाव्या भागाच्या भरधाव ओळी आहेत, तिथे ऑक्टेव्ह अजूनही अडखळतो. अरेंजरकाकांनी त्या नव्या मुलाच्या डाव्या हाताला दिल्या, वर म्हणाले, "त्यालाही जरा घाम येऊ दे."

आता एक नवीनच पिडा. ओळखीच्याकडून एक डिजिटल सिंथ पेडल प्रयोगापुरतं मागून आणलंय. ते आणि झूम एकाच अडॅप्टरवर वायर फोडून लावले की बारीक 'ईईई' अशी शिट्टी येते. एकेकटं लावलं की नाही. अर्थिंग का?

मूगडाळ

अर्थिंगचा आवाज जाड, घुंई असतो. बारीक शिट्टी म्हणजे दोन डिजिटल पेडलं एकाच पुरवठ्यावर एकमेकांचा कचरा एकमेकांत टाकतायत. वेगवेगळे अडॅप्टर लावा किंवा आयसोलेटेड आउटपुट असलेला पॉवर सप्लाय घ्या. डिजिटल पेडल ॲनालॉगपेक्षा बराच जास्त करंट खातं, त्यामुळे मागच्या बाजूला किती मिलिॲम्पिअर लिहिलंय ते बघून त्याहून मोठंच घ्या. आणि घरातल्या कीबोर्डचा अडॅप्टर पिन बसते म्हणून खुपसू नका. पेडलला सहसा मधला टोक ऋण लागतो, काही कीबोर्डच्या अडॅप्टरला मधला धन असतो. अडॅप्टरवर गोलाचं चिन्ह असतं, ते जुळवा. मागून आणलेलं पेडल आहे, जळलं तर मैत्री पण जाईल.

गिरगावचा_बेंजो

लॅमिंग्टन रोडला वायरी, पिना, जॅक सगळं मिळतं. पॉवर सप्लाय मात्र नावाजलेला घ्या, तिथे काटकसर नको. पावसाळ्यात जॅक आणि बटणं खरखरतात, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा बॅगेत असू द्या. आणि विरार फास्टने जाणार असाल तर बोर्ड पाठीवर नको, पुढे छातीशी धरा. बटणं फिरलेली असतात उतरेपर्यंत. मी प्रत्येक बटणाच्या जागेवर पांढऱ्या मार्करने खूण केलीय.

खर्जवाला

वेगळा अडॅप्टर लावला, शिट्टी गेली. खुणाही करतो. रेवतीताई, तुमच्या दुसऱ्या पॅचचे सगळे आकडे विपुत (माझ्या विचारपुशीत) टाकाल का? मागून आणलेल्या पेडलवर बसवून पाहतो.

रेवती_बी

टाकले. सेन्सिटिव्हिटीचा आकडा मुद्दाम दिलेला नाही, तो तुमच्या बेसवर तुम्हीच शोधा.